आत्याला लांब जायचं होतं

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मार न खाता कुणी मोठं झालं असेल, असं मला वाटत नाही. यार्डात सारखं शंटिंग चालायचं. एका डब्यावर दुसरा डबा आदळला की तो दणका साऱ्या गाडीतून पुढं पुढं पळत जायचा आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरायची. माणसांचंही तसंच होतं. वरच्या साहेबानं ड्रायव्हरला शिवी घातली की ड्रायव्हर घरी येऊन बायकोला हाणायचा, बायको पोराला, आणि पोरगं बाहेर जाऊन कुत्र्याच्या पेकाटात लाथ घालायचं. कुणाच्या घरातून किंकाळी आली तर शेजारी रेडिओचा आवाज वाढवत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पप्पा मालगाडीवर गार्ड होते आणि त्यांचा हात जड होता. मी एकुलती एक, त्यामुळं वाटणी करायलाही कुणी नव्हतं. मारून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरायचा आणि आईकडं न बघता ते म्हणायचे, "वाढ तिला." मग आई सुकट घातलेलं वांगं नि गरम भाकरी माझ्यापुढं सरकवायची, आणि मी हुंदके देत देत दोन घास जास्तच खायची. आज हे लिहिताना लाज वाटत नाही, पण नवल वाटतं. त्या वांग्याची चव आठवली की माझा गाल अजून गरम होतो.

पप्पांना दर वर्षी रेल्वेचा पास मिळायचा. तो कायम कामालाच लागला. नागपूरला दीक्षाभूमीवर जायला, नाहीतर कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला. मी बारावी झाले त्या वर्षी त्यांना काय वाटलं कोण जाणे. ड्युटीवरून आले, पांढरा युनिफॉर्म न काढताच खाली बसले, खडूनं फरशीवर एक लांबलचक रेघ ओढली आणि म्हणाले, "हे दौंड. ही बंगळूरची गाडी. यंदा आपुन नुसतं फिरायला जायचं. कुणी मेलं न्हाई, कुणाचं लगीन न्हाई. मजा म्हणून." आई चुलीपाशी होती, तिनं तवा खाली ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात भांडणाचा विषयच बदलला. आधी बंगळूर, मग म्हैसूर, दोन्ही शहरं बघायची. म्हैसूरवरून बसनं जंगल, तिथं जंगलखात्याच्या गाडीतून जनावरं बघायची. मग घाट उतरून समुद्र, आणि समुद्राच्या कडेकडेनं कोकणातल्या गाडीनं परत. आईला जंगलाचं भ्याव होतं. ती म्हणायची, पैसे देऊन वाघाच्या तोंडात कशाला जायचं? मला शहर जास्त दिवस पाहिजे होतं. पप्पा दोघींवर ओरडायचे, वेळापत्रकाचं पुस्तक भिंतीवर आपटायचे, आणि पुन्हा फरशी पुसून नवी रेघ ओढायचे. माझी लेक परवा मोबाईलवर बोट फिरवत फिरवत अशीच सहल जमवत होती, शहर, किनारा आणि आफ्रिकेतलं जंगल. दुपारच्या चहाच्या आत तिचं सगळं ठरलं. आम्हाला आख्खा उन्हाळा लागला होता, आणि तो उन्हाळा मी कशाच्याही बदल्यात देणार नाही, पुढं जे झालं ते धरूनसुद्धा.

त्या उन्हाळ्यात सुजाआत्या आली. ही पप्पांची धाकटी बहीण. कारेगावला दिली होती. म्हणजे सासर मूळचं मांडवगण फराट्याचं, पण तिचा नवरा प्रकाशमामा रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर, म्हणून ती दोघं कारेगावात कामगारांच्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहायची. मूलबाळ नव्हतं. मामा दारू पीत नसे, तंबाखू खात नसे, आवाज कधी चढवत नसे. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. सगळ्या पाहुण्यांत त्याचं नाव होतं. पप्पा तर त्याला वयानं मोठे असून 'अहो दाजी' म्हणायचे. आत्या एकटीच एसटीनं आली तेव्हा तिचा समोरचा दात पडलेला होता. मोरीत घसरले म्हणाली. त्याआधीच्या वेळी जिन्यात घसरली होती. आईनं तिच्या ताटात भाकरी कुस्करून दिली. घरगुती हिंसाचार हा शब्द तेव्हा आमच्याकडं आलेला नव्हता. 'नांदणं' एवढा एकच शब्द होता आणि त्यात सगळं मावत होतं.

आत्या फरशीवरच्या रेघेपाशी बसली की उठायची नाही. पप्पांच्या हातातला खडू घ्यायची आणि विचारायची, "दादा, इथनं पुढं काय हाय? आन् त्याच्या पुढं?" मी तिला विचारलं, "आत्या, तुला काय बघायचंय? वाघ का समुद्र?" ती म्हणाली, "मला काय बी बघायचं न्हाई गं. मला नुसतं लांब जायचंय." आईनं हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी पप्पांना सांगितलं, सुजीला घेतल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार न्हाई. पासात तिचं नाव बसत नव्हतं, पण तिकीट वेगळं काढता येत होतं. पप्पा म्हणाले, "दाजींना इचारल्याशिवाय न्हाई."

दाजी रविवारी आलेच, पेढे घेऊन. मटण शिजत होतं. जेवताना पप्पांनी भीत भीत विषय काढला. मामा हसून म्हणाला, "न्या की. मी कुठं न्हाई म्हणतो? तिला बी हौस हाय." पप्पा इतके खूश झाले की त्यांनी नळीचं हाडूक स्वतःच्या ताटातून मामाच्या ताटात टाकलं. जेवणानंतर पप्पा ओट्यावर पान खात बसले, आई भांडी घासत होती, आणि मी आतल्या खोलीकडं पाण्याचा तांब्या घेऊन गेले. दाराला पडदा होता, त्याच्या फटीतून आतलं दिसलं. मामा खाटेवर आत्याच्या शेजारी बसला होता. तिचा हात त्यानं आपल्या हातात घेतला होता आणि तळव्यावरून अंगठा फिरवत तो लहान लेकराशी बोलावं तसं बोलत होता. "फिरायला जायचं व्हय? लांब जायचं? जा की. कोण नको म्हणतंय?" बोलता बोलता त्यानं तिची करंगळी धरली आणि मागं वाकवली. अजून मागं. आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओली शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. मामानं तिचा हात तिच्या मांडीवर नीट ठेवला आणि बाहेर हाक मारली, "वहिनी, च्या टाकताय ना?"

माझ्या हातातला तांब्या पडला. मी पळत ओट्यावर गेले आणि शेजाऱ्यांदेखत ओरडले, "पप्पा, मामानं आत्याचं बोट मोडलं! मी बघितलं!" पप्पांनी माझ्या कानाखाली अशी लगावली की मी ओट्यावरून खाली आले. "थोरांच्या मधी तोंड घालती? दाजी हाईत ते!" डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. ती शिट्टी पुढं कित्येक महिने वाजत होती. मामा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मारू नका हो लेकराला. दारात बोट चेंगारलं तिचं, पोरीला पडद्याआडनं नीट दिसलं नसंल." आईनं आत जाऊन आत्याचा हात बघितला. माझ्या मोडक्या फूटपट्टीचा तुकडा घेऊन तिनं करंगळी बांधली. बांधताना ती एकटक पप्पांकडं बघत होती. पप्पा दुसरीकडं बघत होते. दिवस कलायच्या आत मामा आत्याला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "कपडे भरून गाडीच्या आदल्या दिवशी आणून सोडतो. काळजी करू नका."

मधल्या दिवसांत आई पप्पांशी बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. पप्पा मात्र जोरात तयारी करत होते. आत्याचं तिकीट काढलं, नवी बॅग आणली, फरशीवरची रेघ इतकी गिरवली की ती पुसली तरी दिसायची. मला आता वाटतं, त्यांना कळलं होतं. कळलेलं माणूस असं कामाला लागतं.

गाडीच्या आदल्या दिवशी आत्या आली नाही. पप्पा मालगाडी घेऊन मनमाडकडं गेले होते. गाडीच्या दिवशी सकाळी आईनं डब्यासाठी मळलेली कणीक तशीच झाकून ठेवली आणि मला म्हणाली, "चप्पल घाल. कारेगावला जायचं." एसटीनं शिरूर, तिथून दुसऱ्या गाडीनं कारेगाव. रस्ताभर आईनं माझा हात दाबून धरला होता. चाळीत पोचलो तर दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या खोलीतली बिहारी बाई दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठली. म्हणाली, "दीदी अंदर ही है. भैया बंद करके जाते हैं. पहले रोने की आवाज आती थी. कल से नहीं आती." आईनं तिच्याकडं दगड मागितला. त्या बाईनं प्रश्न न विचारता आपला मसाला वाटायचा वरवंटा आणून दिला. आईनं पदर खोचला आणि कुलपावर असे घाव घातले की कडीसकट लाकूड निघून आलं.

आत अंधार होता आणि भाजल्याचा वास. आत्या भिंतीशी पडली होती. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला. प्रवासासाठी तिनं काढून ठेवलेल्या साड्या ब्लेडनं चिरून तिच्या अंगावर टाकल्या होत्या. आईनं तिला उठवायला हात घातला तर ती कण्हली, "वहिनी, पाय न्हाई टेकवत." मी साडी बाजूला केली. दोन्ही तळपायांवर उलथन्याचे चटके होते, एकाशेजारी एक, कातडी सोललेली, काही जागी पांढरी पडलेली. स्टोव्हवर तापवून तापवून दिलेले. "म्हणला, जा आता फिरायला," आत्या म्हणाली. आईच्या तोंडातून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. मी तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

आम्ही तिला चादरीत घेत होतो तेवढ्यात मामा आला. पहिली पाळी सुटली होती. त्यानं मोडलेलं दार बघितलं, आम्हाला बघितलं. डबा कट्ट्यावर ठेवला. बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, जोडी भिंतीला लावली. मग दार आतून लोटून त्याला लोखंडी पेटी लावली. "वहिनी," तो म्हणाला, "ह्या आमच्या घरातल्या गोष्टी हाईत. तुम्ही यायला नको व्हतं." त्याचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. आणि त्यानं आईचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा. भिंतीच्या चुन्यावर रक्ताचा फराटा उठला. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली आणि त्याच्या कानाला कडकडून चावले. तोंडात खारट आलं तरी सोडलं नाही. त्यानं कोपर मारलं, माझ्या बरगडीत काहीतरी तुटलं आणि मी भांड्यांवर जाऊन पडले. तो पुन्हा आईकडं वळला. तेव्हा आत्या गुडघ्यांवर रांगत आली. कुलूप फोडून आईनं खाली टाकलेला वरवंटा तिथंच पडला होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, करंगळीची पट्टी अजून बांधलेलीच होती, आणि मामाच्या गुडघ्यावर घातला. तो किंचाळून खाली बसला. मी त्याचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. आत्यानं पुन्हा उचलला. खांद्यावर. जबड्यावर. तो हात पुढं करत होता आणि ती हातांवर मारत होती. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, लाकडं फोडावी तशी श्वास टाकून मारत होती. बाहेर बिहारी बाईनं सगळी चाळ गोळा केली होती. कामगारांनी धक्का देऊन पेटी सरकवली आणि दार उघडलं. ती बाई आत येऊन आत्याला मिठी मारून बसली. "बस करो दीदी, मर जाएगा!" आईनं आत्याच्या हातातून वरवंटा काढून घेतला तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात त्या दोघांना नेलं, एकाला पुरुषांकडं, एकीला बायकांकडं. आईच्या डोक्याला टाके पडले. माझी छाती पट्ट्यांनी आवळली. निरोप पोचला तसे पप्पा दौंडवरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले, अंगात तोच पांढरा युनिफॉर्म, डिझेलचे डाग पडलेला. त्यांनी आत्याचे पाय बघितले. कुणीतरी छातीवर गुडघा द्यावा तसे ते मागं सरले आणि भिंतीला टेकले. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मामाचे दोघं भाऊ मांडवगणहून आले होते, हातात गज. "त्या रांडंला बाहेर काढा!" वॉर्डातल्या बायका खाटांखाली शिरल्या. पप्पा जाऊन दारात उभे राहिले आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"दादासाहेब, बाजूला व्हा," मोठा भाऊ म्हणाला. "तुमच्याशी आमचं भांडण न्हाई."

"हाय," पप्पा म्हणाले.

पहिला गज त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मला आत ऐकू आलं. हात लोंबायला लागला, तरी त्यांनी दुसरा हात सोडला नाही. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा पाठीवर. ज्या माणसाच्या माराखाली मी वाढले तो माणूस मार खाताना मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी उलटा हात उचलला नाही, शिवी दिली नाही, दारातून हलले नाहीत. दवाखान्यात आलेली माणसं जमली, कुणी दगड उचलले, तेव्हा ते दोघं जीपमध्ये बसून पळाले.

मग हवालदार आला. वयस्क माणूस होता. स्टूल ओढून आत्याच्या खाटेशी बसला. पलीकडं तुमचा नवरा बोलता येत नाही अशा अवस्थेत आहे, म्हणाला, गुडघा गेला, जबडा गेला. कुणी मारलं? आई चटकन म्हणाली, "मी." मीही म्हणाले, "मी." आत्यानं एका डोळ्यानं आम्हा दोघींकडं बघितलं.

"खोटं बोलत्यात त्या," ती म्हणाली. "मी मारलं. लिवा."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई. पुरलं न्हाई."

हवालदारानं पेन थांबवलं. त्यानं तिच्या पायांकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, हे शेवटचं मी ऐकलं न्हाई." आणि विचारलं, ह्याच्या आधी तो मारायचा त्याला कुणी साक्षी हाय का? पप्पा शेजारच्या खाटेवर बसले होते, मोडलेला हात मांडीवर, अजून प्लास्टर घातलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आमू," ते म्हणाले, "त्या रविवारी बोट मोडताना तू बघितलं व्हतंस. सांग साहेबांना. सगळं सांग. आता कोण तुला हात लावतंय बघतो." मी सांगितलं. सांगताना मला उजव्या कानानंच माझा आवाज ऐकू येत होता. त्यानंतर पप्पांनी माझ्यावर हात उगारला नाही. प्लास्टर निघालं, हात किंचित वाकडा राहिला, पण उगारण्याइतका तो नक्की बरा झाला होता.

आमची गाडी त्याच संध्याकाळी दौंडवरून सुटली, आम्ही तिच्यात नव्हतो. पास वाया गेला. पुढं दोन्हीकडून केसेस झाल्या, शिरूरच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. मांडवगणची माणसं येऊन धमक्या देऊन गेली, एकदा आमच्या ओट्यावर मेलेलं डुक्कर टाकून गेली. आईनं ते स्वतः ओढत रुळापलीकडं नेलं. शेवटी वकिलांनी दोन्हीकडच्या केसेस मागं घ्यायला लावल्या आणि काडीमोड झाला. मामाला शिक्षा झाली नाही. तो काठी घेऊन चालतो, दुसरं लग्न झालं, असं ऐकलं. ती दुसरी बाई कशी आहे हे विचारायला मी एकदा कारेगावपर्यंत जाऊन आले होते. चाळ पाडली होती, तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. आत्या आमच्याकडंच राहिली. तिच्या तळपायांना भेगा पडायच्या आणि थंडीत ती रक्ताळलेले मोजे धुवायची, पण तिनं पुन्हा कुणाला पाय दाखवले नाहीत.

आम्ही गेलो ते दोन पास सोडून, तिसऱ्या वर्षी. पप्पांनी यावेळी रेघ ओढली नाही, खडू आत्याच्या हातात दिला. तिनं ठरवलं तसंच गेलो. बंगळूरला ती सरकत्या जिन्यावर चढायला घाबरली नाही, पप्पा घाबरले. म्हैसूरवरून जंगलात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. जंगलखात्याची हिरवी बस, खिडक्यांना जाळ्या. वाघ दिसला नाही, चितळं दिसली, सगळे कंटाळले होते. एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी पुढं काढली आणि एकदम ब्रेक लावला. डाव्या बाजूला हत्तीण, उजव्या बाजूला तिचं पिल्लू, आणि मधे आम्ही. हत्तिणीनं कान पसरले, सोंड आत वळवली आणि अशी किंकाळी फोडली की बसच्या काचा वाजल्या. मग ती धावून आली. धूळ, फांद्या मोडल्याचा आवाज, बायका ओरडायला लागल्या, पप्पांनी आईला खाली ओढलं. हत्तिणीनं गाडीच्या तोंडाला कपाळ लावलं तसं पुढची काच तडकली आणि आख्खी बस मागं सरकली. ड्रायव्हर गिअर शोधत होता आणि कन्नडमध्ये तिला शिव्या देत होता.

आत्या उठून बसच्या मधल्या वाटेत उभी राहिली होती. पुढच्या दांड्याला धरून ती त्या हत्तिणीकडं सरळ बघत होती.

"शिव्या नका देऊ," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तिचं बरोबर हाय. तुम्ही मागं घ्या."

त्याला मराठी येत नव्हतं. पण त्यानं वळून तिच्या तोंडाकडं बघितलं, गप्प झाला आणि गाडी मागं घेतली.